दिवाणजींच्या पोटातलं नाणं

“रुपयाच होता ना? नक्की?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“हो. रुपयाच,” शिरीष म्हणाला. या खेपेला त्याचा आवाज जरा खाली गेला होता. ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

जामबागेत बिलोलीकर वकिलांच्या घरी मी फरशीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर तीन किलोचं कासव होतं आणि त्याचं तोंड उघडायचा माझा प्रयत्न चालला होता. कासवाला दात नसतात, पण जबडा पक्कडीसारखा असतो. मिटला की मिटला. रविवारची दुपार होती. घरात होणारे जावई पहिल्यांदा जेवायला आले होते, श्रीखंडाचा वास सुटला होता आणि जेवायचं कुणाच्याच मनात नव्हतं.

मी जनावरांची डॉक्टर. हैदराबादच्या सरकारी दवाखान्यात म्हशी, कुत्री, पोपट, बग्गीची घोडी असं सगळं तपासण्यात माझी नोकरी गेली. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, शहरात नवनव्या कंपन्या उघडायला लागल्या होत्या आणि पुण्या-मुंबईची पोरं रोज बॅगा घेऊन उतरत होती, तेव्हाची. शिरीष त्यांतलाच एक. कॉम्प्युटरवाला, मूळचा पुण्याचा, तारनाक्याला भाड्याच्या खोलीत राहणारा. त्याचा पगार ऐकून वकीलसाहेबांनी “महिन्याचा की वर्षाचा?” असं दोनदा विचारलं होतं म्हणे. वकीलसाहेबांची मुलगी मृदुला कॉलेजात बॉटनी शिकवायची. दोघांची पसंती झाली होती आणि पुढच्या रविवारी साखरपुडा ठरला होता.

आता कासवाबद्दल. त्याचं नाव दिवाणजी. वकीलसाहेबांच्या आजोबांनी ते कुठूनसं आणलं होतं. पाठीवर पिवळ्या चांदण्या, चाल निवांत, नजर समोरच्याला कस्पटासमान लेखणारी, म्हणून दिवाणजी. पोटाची बाजू सपाट होती. नराची आत वळलेली असते. म्हणजे दिवाणजी बाई होत्या. हे मी त्या घरात बऱ्याचदा सांगितलं, पण तीन पिढ्यांची सवय मोडायला कुणी तयार नव्हतं. असं कासव घरी पाळणं कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगून बघितलं. त्यावर वकीलसाहेब म्हणाले, “बाई, हे कायद्याच्या आधीपासून घरात आहे. कायद्यानं त्याला विचारून यायला पायजे होतं.” वकिलाशी कोण वाद घालणार?

दिवाणजींची एक ठरलेली जागा होती. देवघराचं दार मागच्या पडवीत उघडायचं आणि त्या उंबऱ्यासमोरच्या फरशीवर सकाळभर ऊन असायचं. तिथे ते हातपाय, मान आत ओढून तासन् तास बसत.

इथेच घोळ झाला. शिरीष संस्कारी मुलगा. जेवणाआधी काकूंनी, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नींनी, त्याला देवाला नमस्कार करायला पाठवलं. देवासमोर बरोबर मध्यभागी कासव बसलेलं. आपल्याकडच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच. माणूस आधी त्याला हात लावतो, फूल वाहतो, मग आत जातो. शिरीषने तेच केलं. कासवाच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं. ताटातलं लाल जास्वंदीचं फूल त्याच्यापुढे ठेवलं. फुलावर नाणं ठेवलं. हात जोडून डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा दगडाला मान फुटली होती.

कासवाला लाल रंग दिसला की राहवत नाही. टोमॅटो, जास्वंद, कलिंगड, लाल नेलपॉलिश लावलेली बोटंसुद्धा. मृदुला पानं मांडत होती. तिला पडवीतून ओरडणं ऐकू आलं, “अहो! कासव हललं! तुमचं कासव हललं!” ती धावत गेली तोवर फुलाचा देठ तेवढा बाहेर होता. पाकळ्यांच्या आडून काहीतरी चकाकलं आणि गडप झालं.

“मी ओढून काढणार होते, पण तुम्ही मागं सांगितलं होतं ना, म्हणून हात नाही घातला,” मृदुला म्हणाली.

हे तिने उत्तम केलं. तुमच्याही घरच्या जनावराने काही गिळलं तर बोटं घालू नका. वस्तू आणखी आत जाते, किंवा बोट जातं. तेल पाजू नका, उलटं धरून हलवू नका. काय गिळलं, किती मोठं होतं, कशाचं होतं, हे नीट आठवा आणि तसलीच दुसरी वस्तू घरात असेल तर ती घेऊन डॉक्टरकडे या. आमचं निम्मं काम त्यात होतं.

म्हणून मी रुपयाबद्दल तीन तीनदा विचारत होते. शेवटी चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जबडा उघडला. टॉर्चच्या उजेडात जास्वंदीने लाल झालेली जीभ दिसली. घसा मोकळा होता. नाणं पोटात पोचलं होतं.

“दिवाणजी वाचतात न बाई?” काकूंनी विचारलं.

“आत्ता धोका नाही. पण रुपया मोठा असतो. पोटातून पुढे आतड्यात सरकणं कठीण. उद्या सकाळी दवाखान्यात आणा, एक्स-रे काढू.”

वकीलसाहेब खुर्चीवर ताठ बसले होते. मग म्हणाले, “माझे वडील गेले तेव्हा हे त्यांच्या खाटेखाली बसून होतं. तीन दिवस हललं नाही. ह्याचं नीट होईपर्यंत घरात साखरपुडा नाही की काही नाही.” आणि शिरीषकडे न बघता ते आत गेले.

शिरीषचं धाबं दणाणलं. मृदुलाचा चेहरा उतरला. मला दोघांचीही कणव आली, पण माझा पेशंट तिसराच होता.

सोमवारी सकाळी मंडळी दवाखान्यात हजर झाली. दिवाणजी नव्या रंगीत टीव्हीच्या खोक्यात, खाली टॉवेल. खोकं शिरीषने धरलं होतं. ऑफिस बुडवून आला होता. काकू घरीच होत्या. त्यांनी देव पाण्यात ठेवले होते, अगदी खरोखरच, तांब्याच्या पातेल्यात.

आमचे साहेब डॉक्टर रेड्डी. सर्जन म्हणून हात सोन्याचा, फक्त तो हात सारखा शिवशिवायचा. मी केस सांगितली तशी ते खुर्चीतून उठलेच.

“वन रुपी? नहीं निकलता मेडम. ओपन करना. दोपहर में टेबल खाली रखो.”

कासव ‘ओपन’ करणं म्हणजे काय ते सांगते. त्याच्या पोटाखाली हाडाचं कवच असतं. त्यात बारीक करवतीने चौकोनी खिडकी कापायची. तो तुकडा झाकणासारखा उचलायचा, आत शिरून नाणं काढायचं, तुकडा परत बसवायचा आणि वरून फायबरग्लासचा लेप द्यायचा. हाड जुळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. भूल देणं हा तर जुगारच. कासव वाटेल तितका वेळ श्वास रोखून धरतं. झोपलंय की गेलंय, हे कळायलाच वेळ लागतो. आमच्याकडे असं ऑपरेशन तोवर कुणी केलं नव्हतं. साहेबांना नेमकं त्याचंच आकर्षण होतं. नव्या परदेशी गाड्यांचे बंपर दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजमधून त्यांनी तासाभरात फायबरग्लासचा डबासुद्धा मागवला.

“सर, आधी एक्स-रे तरी बघू,” मी म्हटलं.

“देखो, देखो. रुपया रुपयाच दिखता.”

एक्स-रेची खोली ख्वाजामियाँची. पंचवीस वर्षं त्यांनी हलणाऱ्या कुत्र्यांचे, लाथा मारणाऱ्या वासरांचे फोटो काढले होते आणि त्या वैतागातच त्यांची दाढी पिकली होती. दिवाणजींना प्लेटवर ठेवलं. दिवाणजींनी मान आत घेतली आणि बसले. ख्वाजामियाँ बघतच राहिले.

“मेडम, पैली बार ऐसा शरीफ मरीज आया. सांस लेव भी नई बोलना पड़ा, रोको भी नई.”

माझी एक सवय होती. जनावराने जी वस्तू गिळली असेल तसलीच दुसरी, प्लेटवर शेजारी चिकटपट्टीने लावायची. एक्स-रेत पोटातली वस्तू खऱ्यापेक्षा किंचित मोठी उमटते. शेजारी माप असलं की अंदाज चुकत नाही. मी शिरीषला म्हटलं, “तसलाच रुपया द्या.” त्याने खिशातून काढून दिला. देताना हात ओला होता. उकाड्यामुळे असेल असं मला वाटलं.

फोटो निघाला. फिल्म धुवायला ख्वाजामियाँ अंधाऱ्या खोलीत गेले. त्या काळी त्यात वीसेक मिनिटं जायची. आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. तेवढ्यात रेड्डीसाहेब करवत घेऊन आले. माणसं घाबरली की त्यांना सगळं समजावून सांगावं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी दिवाणजींना खोक्यातून उचललं, उलटं केलं आणि पोटावर खडूने चौकोन आखला. “इधर से कट. इधर से कट. फिर ढक्कन खुलता.”

उलटे झालेले दिवाणजी हवेत चारही पाय हलवत होते. मृदुलाने तोंड फिरवलं. वकीलसाहेबांनी खिशातून पेन काढलं, संमतीचा कागद पुढे ओढला आणि तो नुसता धरूनच बसले. सही करेनात.

“चार आणे होते!”

शिरीष उभा राहिला होता. एवढ्या मोठ्याने बोलला की शेजारच्या बाकावरची एक बकरी दचकली.

“काय?” वकीलसाहेब.

“काका, रुपया नव्हता. चार आणे होते. ते छोटं, गेंड्याचं चित्र असलेलं. कापू नका त्याला. माझ्यामुळे कापू नका.”

“मग काल तीनदा रुपया कायकू म्हणलात?”

“रुपया होता, पण तो नंतर, तुम्ही सगळे कासवाभोवती असताना, आत गणपतीपुढे ठेवला. कासवापुढे चार आणे. आमच्याकडे तसंच असतं, कासवापुढे कुणी रुपया ठेवत नाही. पण काल सगळ्यांसमोर डॉक्टरांनी विचारलं, ‘किती ठेवलेत?’ काकू होत्या, मृदुला होती. आधीच मी पुण्याचा! चार आणे म्हटलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.”

कुणी काही बोलायच्या आत दार उघडलं. ओली फिल्म दोन बोटांत धरून ख्वाजामियाँ बाहेर आले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

“मेडम, ये क्या गडबड है? रुपये कू बच्चा हुआ क्या?”

मी फिल्म उजेडात धरली. बाहेर मोठा गोल. कासवाच्या पोटात त्याच्याहून कितीतरी लहान गोल. मोठा उमटायला हवा होता, तो उलट लहान. चार आणेच.

मला इतकं हायसं वाटलं की मी फिल्म हलवून तिचं पाणी स्वतःच्याच साडीवर सांडून घेतलं. चार आण्याचं नाणं स्टीलचं. तांब्यासारखं पोटात विरघळून विष होण्याची भीती नाही. कड गुळगुळीत. एवढ्या थोराड कासवाच्या आतड्यातून ते सरकू शकतं. उशिरा का होईना, निघतं. “सर, थांबून बघू या. तीन आठवडे,” मी म्हटलं. रेड्डीसाहेबांनी फिल्म दोनदा उलटसुलट करून बघितली, खडूचा चौकोन रुमालाने पुसला आणि फायबरग्लासचा डबा काखेत मारून निघून गेले. त्यांचं दुःख खरं होतं.

वकीलसाहेब मात्र बाकावरून उठले. त्यांनी दवाखान्याचा फोन मागितला आणि घरी लावला.

“अगं, देवापुढं रुपया होता काय? ... कवापासून? ... देव पाण्यात ठेवताना बघितलास? ... बरं, बरं. नाही, कापायलेत नाही. मग सांगतो.”

फोन ठेवून ते शिरीषसमोर येऊन उभे राहिले. मृदुलाने श्वास रोखला होता, दिवाणजींसारखाच.

“शिरीषराव, फौजदारी वकिली करून माझे केस पांढरे झाले. पुरावा समोर आल्यावर समदेच कबूल करतात. पुरावा अंधाऱ्या खोलीत असताना कबूल करणारा माणूस मी आज पयल्यांदा बघितला.” त्यांनी कोरा संमतीचा कागद घडी करून खिशात घातला. “पण खोटं बोललात, त्याची शिक्षा आहे. नाणं निघेपर्यंत रोज संध्याकाळी येऊन तुम्ही दिवाणजींचं समदं करायचं. समदं म्हणजे समदं.”

“हो काका,” शिरीष म्हणाला. मृदुलाला तेवढ्यात हसू फुटलं. ते आवरेना. हसून हसून ती बाकावर बसली आणि “गेंडा! कासवानं गेंडा खाल्ला!” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. साखरपुडा नाणं निघेपर्यंत पुढे ढकलला गेला.

माझी औषधयोजना साधी होती. रोज अर्धा तास कोमट पाण्याच्या टबात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच. कोमट पाण्यात कासवाचं पोट साफ होतं. खायला दूर्वा, जास्वंदीची पानं, निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे, म्हणजे चोथा भरपूर. मधूनमधून औषधी पॅराफिनचे थेंब. मग अंगणात चालवायचं. आणि जे काही बाहेर पडेल ते पिठाच्या चाळणीत घेऊन पाण्याने धुवून बघायचं. चाळणी काकूंनी दिली आणि लगेच स्वतःसाठी नवी आणली.

शिरीष रोज ऑफिस सुटल्यावर तारनाक्याहून बसने जामबागेत यायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टबाशेजारी बसायचा. मृदुला निवडुंग चिरायची. बॉटनीवाली असल्यामुळे प्रत्येक पानाचं लॅटिन नाव सांगायची आणि तो ते पाठ करायचा. दोन-तीनदा मी तपासायला गेले तर दोघं बोलण्यात इतके गुंग की पाणी गार होऊन गेलेलं. मी रागवायची, मग गरम पाणी आणायला दोघंही एकदमच जायचे. एक बादली आणायला दोन माणसं कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. वकीलसाहेब खिडकीतून बघत पेपर वाचत असायचे. दिवाणजी मजेत होते. पहिल्या आठवड्यातच त्यांचं वजन वाढलं.

दर दोन दिवसांनी मी फोन करायची. “निघालं का?”

“नाही अजून,” मृदुला म्हणायची.

तीन आठवडे झाले. आता मला काळजी वाटायला लागली. कासव खातंय, पोट साफ होतंय, मग नाणं अडकलं कुठे? रेड्डीसाहेबांनी फायबरग्लासचा डबा परत कपाटातून टेबलावर काढून ठेवला. मी मंडळींना पुन्हा बोलावलं. या खेपेला काकूही आल्या. प्लेटवर दिवाणजी, शेजारी चार आण्याचं नाणं. फोटो, अंधारी खोली, बाक, वीस मिनिटं.

ख्वाजामियाँ बाहेर आले ते हसतच. “मेडम, दुकान खाली है.”

मी फिल्म बघितली. शेजारचं नाणं लख्ख उमटलं होतं. पोटात दूर्वांखेरीज काही नव्हतं.

“वा!” मी म्हटलं. “पण मग नाणं गेलं कुठे?”

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि सावकाश शिरीषकडे वळले. शिरीषने दोन्ही हात वर केले. “काका, शपथ! मी रोज चाळलंय. मला सापडलं नाही.”

तो खरंच बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मृदुलाने पर्स उघडली. आतून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर चार आणे ठेवले. घासूनपुसून लख्ख केलेले. गेंडा जिथल्या तिथे होता.

“कधी निघालं?” मी विचारलं.

“बाराव्या दिवशी. सकाळी. शिरीष यायच्या आधी.”

“मग नऊ दिवस सांगितलं का नाहीस?”

तिने वडिलांकडे बघितलं, मग खाली बघितलं. “सांगितलं असतं तर ह्यांची शिक्षा संपली असती की.”

काकूंनी कपाळाला हात लावला. ख्वाजामियाँना मराठी यायचं नाही, पण ते सगळ्यांत आधी हसले. शिरीष तर खुळ्यासारखा तिच्याकडे बघतच राहिला. नऊ दिवस विनाकारण शेण चाळलं, याचं त्याला काडीचंही वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

“ही कबुली पुराव्यानंतरची हाय,” वकीलसाहेब म्हणाले. पण त्यांच्या मिशा हलत होत्या. “ह्या रविवारी साखरपुडा. बाई, तुम्ही यायलाच पायजे.”

मी गेले. देवघराच्या उंबऱ्यासमोर दिवाणजी उन्हात बसले होते. शिरीष त्यांना मोठा वळसा घालून आत गेला. ते चार आणे काकूंनी देव्हाऱ्यात ठेवले होते. पुढे ती नाणी चलनातून गेली, पण ते एक अजून तिथेच आहे आणि त्याला रोज हळदकुंकू मिळतं.

त्या केसनंतर मी कामाच्या पद्धतीत दोन बदल केले आणि निवृत्त होईपर्यंत पाळले. एक, प्लेटवर एक नाणं लावायची ते बंद केलं. चार आणे, आठ आणे, रुपया, सगळी ओळीने लावायची. दुसरा, जनावराने काय गिळलं हे घरच्यांना एकेकट्याला आत बोलावून विचारायचं, आणि होणारे सासू-सासरे बरोबर असतील तर त्यांना आधी चहाला पाठवायचं.